सुपरहेटवाला आर्मस्ट्राँग

शॉर्टवेव्ह ऐकण्याचा छंद लागला आणि चांगला रिसीव्हर घ्यायचं ठरवलं, की खोक्यावर 'डबल कन्व्हर्जन सुपरहेटरोडाइन' असं लांबलचक काहीतरी दिसतं. व्हायव्हापुरता पाठ केलेला सुपरहेट तो हाच! शोधला एडविन आर्मस्ट्राँगने. (चंद्रावरचा नव्हे.)

जन्म १८९०, न्यूयॉर्क. लांबचे क्षीण सिग्नल ऐकता यावेत म्हणून पठ्ठ्याने घरच्या अंगणात १२५ फुटी मास्ट उभारला. १९१२ मध्ये, कोलंबिया युनिव्हर्सिटीत शिकत असतानाच, त्याला रिजनरेशन सुचलं. व्हॉल्व्हचं आउटपुट थोडं परत इनपुटला द्यायचं, सिग्नल कितीतरी पट वाढतो. पेटंटसाठी वडिलांनी पैसे दिले नाहीत. मग त्याने सर्किटची आकृती काढून नुसता नोटरीचा शिक्का मारून घेतला.

१९१८ साली, लष्करात असताना, पॅरिसमध्ये सुपरहेट जन्मला. स्टेशन कोणतंही असो, ते आधी एकाच ठरावीक फ्रीक्वेन्सीवर आणायचं आणि तिथेच अॅम्प्लिफाय करायचं. ही फ्रीक्वेन्सी पुढे बहुतेक सेट्समध्ये ४५५ किलोहर्ट्झ ठरली. मात्र त्यात एक गोची आहे. जोरदार स्टेशन ९१० किलोहर्ट्झ अलीकडे भुतासारखं पुन्हा ऐकू येतं. शॉर्टवेव्हवर हा त्रास फार, म्हणून आधी वरच्या फ्रीक्वेन्सीवर नेऊन मग खाली आणणारा डबल कन्व्हर्जन सेट घ्यावा. स्वस्तातला सिंगल नको, असं माझं तरी मत आहे.

१९२३ मध्ये त्याने मॅरियनशी लग्न केलं आणि तिला भेट काय दिली? पोर्टेबल सुपरहेट! ती आरसीए कंपनीचा बडा अधिकारी सारनॉफ याची सेक्रेटरी. पुढे याच कंपनीशी त्याचं वाकडं आलं.

लॅबमध्ये जिंकणारा हा माणूस कोर्टात हरत गेला. १९३४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने रिजनरेशनचं श्रेय ली डी फॉरेस्टला दिलं. आर्मस्ट्राँग त्याबद्दल मिळालेलं मेडल परत करायला गेला, तर इंजिनिअरांच्या संस्थेने ते घेतलंच नाही. एव्हाना एफएमची पेटंट्स हातात होती. पण १९४५ मध्ये सरकारने एफएमचा बँडच वर सरकवला आणि लोकांचे जुने सेट निकामी झाले. १९४८ मध्ये त्याने आरसीएवर केस टाकली. ती वर्षानुवर्षं चालली, पैसा संपला, संसार मोडला. १९५४ मध्ये त्याने स्वतःचं आयुष्य संपवलं.

केसेस मात्र मॅरियनने सोडल्या नाहीत. आरसीएने तडजोड केली, इतर कंपन्यांशी ती एकेक करून लढली. शेवटची मोटोरोलाविरुद्धची, १९६७ मध्ये जिंकली.