लाल दिव्याचे ते दोन सेकंद
चौकात कधी क्षणभर चारही बाजूंना लाल दिवा असतो. लगेच हॉर्न सुरू होतात. सिग्नलवरचा विलंब मोजणारे अभियंतेही हे सेकंद वाया गेलेले धरतात. अपघात विभागात उभं राहिलं की मात्र हिशेब उलटा वाटतो.

अशा थांब्याचं यंत्र करणाऱ्यांपैकी एक म्हणजे अमेरिकेतले गॅरेट मॉर्गन. १८७७ मध्ये केंटकीत कृष्णवर्णीय कुटुंबात जन्म, शाळा जेमतेम प्राथमिक. क्लीव्हलँडला ते शिलाई मशिन दुरुस्त करत. धुरात श्वास घेता यावा म्हणून त्यांनी टोप बनवला. १९१६ मध्ये एरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला, तेव्हा तोच चढवून ते स्वतः आत उतरले आणि माणसं बाहेर काढली.

सिग्नल त्यांच्या आधीही होते. १९२३ मध्ये पेटंट मिळालेल्या त्यांच्या हाताने फिरवायच्या खांबाला ‘थांबा’ आणि ‘जा’ यांखेरीज तिसरी स्थिती होती: सगळ्याच दिशा बंद. तेवढ्यात अडकलेली गाडी चौकाबाहेर पडे, पायी चालणाऱ्यालाही रस्ता ओलांडता येई.

पुढे काचबिंदूने त्यांची दृष्टी जवळजवळ गेली. तरी नवं काही करून पाहणं त्यांनी सोडलं नाही. १९६३ मध्ये ते वारले.