वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल
वॉल्टर डॅलरिम्पल मेटलंड बेल (८ सप्टेंबर, १८८० – ३० जून, १९५४) हे स्कॉटिश शिकारी, वैमानिक, लेखक आणि चित्रकार होते. युगांडाच्या ईशान्येकडील करामोजा प्रदेशात त्यांनी दीर्घकाळ भ्रमंती केल्यामुळे ते 'करामोजो बेल' या नावाने ओळखले जातात. हत्तीच्या शिकारीसाठी जाड नळीच्या वजनदार बंदुकाच हव्यात, असा त्या काळी सर्वमान्य समज होता. बेल यांनी लहान व्यासाच्या रायफली आणि योग्य निवडलेल्या गोळ्या वापरून हा समज खोटा ठरवला. शिकारीच्या गोळीची निवड कशी करावी, या विषयावरील चर्चेत त्यांचे नाव आजही घेतले जाते.

बालपण व तारुण्य

बेल यांचा जन्म एडिंबरा शहराजवळील क्लिफ्टन हॉल या कौटुंबिक जहागिरीत एका सधन घराण्यात झाला. दहा भावंडांत ते शेवटून दुसरे होते. वयाच्या दुसऱ्या वर्षी आई आणि सहाव्या वर्षी वडील वारल्याने त्यांचा सांभाळ मोठ्या भावांनी केला. शाळेत त्यांचे मन रमले नाही. ते अनेकदा शाळेतून पळून गेले आणि तेराव्या वर्षी जहाजावर रुजू झाले.

किशोरवयातच ते पूर्व आफ्रिकेत पोहोचले. तेथे युगांडा रेल्वेच्या बांधकामावरील मजुरांना उपद्रव देणाऱ्या सिंहांची शिकार करण्याचे काम त्यांना मिळाले. पुढे सोन्याच्या शोधात ते कॅनडातील युकॉन प्रदेशात गेले आणि डॉसन सिटी या वसाहतीला हरणांचे मांस पुरवून त्यांनी उदरनिर्वाह केला. आफ्रिकेत परतण्याची संधी साधून ते कॅनडाच्या घोडदळात भरती झाले व दुसऱ्या बोअर युद्धात लढले. १९०२ मध्ये युद्ध संपल्यावर ते आफ्रिकेतच राहिले आणि हस्तिदंतासाठी हत्तींची शिकार करणे हा त्यांचा व्यवसाय बनला.

शिकारीची कारकीर्द

करामोजाखेरीज बेल यांनी ॲबिसिनिया, सुदान, लाडो एन्क्लेव्ह, लायबेरिया आणि फ्रेंच व बेल्जियन काँगो येथे शिकार केली. करामोजोंग लोकांशी त्यांचे संबंध सलोख्याचे होते. मोठ्या सुळ्यांच्या हत्तींची खबर देणाऱ्यास ते गाय बक्षीस देत. मारलेल्या हत्तीचे मांस गावकऱ्यांना मिळे आणि सुळे बेल यांच्याकडे राहत. या कामात त्यांना प्रचंड पायपीट करावी लागे. त्यांच्या स्वतःच्या हिशेबाप्रमाणे एका हत्तीमागे सरासरी ७३ मैल, म्हणजे सुमारे ११७ किलोमीटर चाल पडत असे.

प्रत्येक शिकारीची व झाडलेल्या गोळ्यांची ते नोंद ठेवत. या नोंदींनुसार त्यांनी एकूण १,०११ हत्ती मारले. त्यांपैकी २८ माद्या होत्या व उरलेले सर्व नर होते.

गोळीची निवड

त्या काळातील बहुतेक हत्तीशिकारी .४५० ते .६०० इंच कॅलिबरच्या दुनळी रायफली वापरत. या बंदुका जड असत आणि त्यांचा धक्का जबर बसे. बेल यांनी बहुसंख्य हत्ती रिग्बी कंपनीच्या .२७५ कॅलिबरच्या, म्हणजे ७ मिलिमीटर माउझर काडतुसाच्या रायफलीने मारले. याशिवाय त्यांनी ६.५ मिलिमीटर मानलिखर-शोनावर, .३०३ आणि .३१८ वेस्टली रिचर्ड्स या रायफलीही वापरल्या.

त्यांच्या यशाचे एक कारण गोळीच्या रचनेत होते. हरणांसारख्या प्राण्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या मऊ टोकाच्या गोळीत शिसे उघडे असते. आघात होताच ती पसरते आणि रुंद जखम करते. हत्तीची कवटी मात्र जाड व हवेच्या पोकळ्यांनी भरलेल्या हाडाची असून मेंदू तिच्यात बराच खोलवर असतो. तेथे पसरणारी गोळी मेंदूपर्यंत पोहोचण्याआधीच थांबण्याची शक्यता असते. म्हणून बेल संपूर्ण धातूच्या कवचात बंद असलेली, न पसरणारी 'सॉलिड' गोळी वापरत. ही गोळी लांब आणि गोलसर टोकाची असे. टोकदार गोळीचा भारमध्य मागे असल्याने ती शरीरात शिरल्यावर कलंडण्याची शक्यता अधिक असते. गोल टोकाची लांब गोळी तुलनेने सरळ जाते.

दुसरे कारण गोळीचे वजन आणि तिचा व्यास यांच्या परस्परसंबंधात आहे. बेल यांची ७ मिलिमीटरची गोळी १७३ ग्रेन, म्हणजे सुमारे ११.२ ग्रॅम वजनाची होती; .४५० कॅलिबरची गोळी ४८० ग्रेन, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅम वजनाची असे. पहिली गोळी वजनाने दुसरीच्या जवळपास एकतृतीयांश असली, तरी वजनाला व्यासाच्या वर्गाने भागले असता दोहोंची उत्तरे फार वेगळी येत नाहीत. या गुणोत्तराला 'सेक्शनल डेन्सिटी' म्हणतात. ते जितके अधिक, तितकी समान रचनेची व समान वेगाची गोळी खोल जाते. स्वतः काडतुसे भरणारे शिकारी गोळी निवडताना तिची रचना, वजन आणि हे गुणोत्तर आजही विचारात घेतात.

बेल यांनी काडतुसाच्या भरवशालाही तितकेच महत्त्व दिले. बार उडण्यास होणारा विलंब शिकाऱ्याच्या जिवावर बेतू शकतो, हे त्यांनी अनुभवले होते. ७ मिलिमीटरच्या जर्मन बनावटीच्या काडतुसांवर त्यांचा विशेष विश्वास होता.

तथापि केवळ गोळीमुळे हे यश मिळाले नाही. मारलेल्या हत्तींच्या कवट्या कापून त्यांनी मेंदूच्या जागेचा बारकाईने अभ्यास केला होता. तिरप्या दिशेने मागून मेंदूचा वेध घेण्याची त्यांची पद्धत 'बेल शॉट' म्हणून प्रसिद्ध आहे.

महायुद्ध व उत्तरायुष्य

पहिल्या महायुद्धात बेल रॉयल फ्लाइंग कोअरमध्ये वैमानिक होते. पूर्व आफ्रिकेतील टेहळणीच्या कामगिरीनंतर त्यांनी ग्रीसमध्येही सेवा केली. त्यांना मिलिटरी क्रॉस हा सन्मान मिळाला. निवृत्तीनंतर ते पत्नी केटी यांच्यासह स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातील गार्व्ह येथे कोरीमॉली या मालमत्तेवर राहिले. 'ट्रेंचमर' या नौकेतून त्यांनी सागरी प्रवासही केले. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले.

लेखन

'द वाँडरिंग्ज ऑफ ॲन एलिफंट हंटर' (१९२३) आणि 'करामोजो सफारी' (१९४९) ही त्यांची पुस्तके होत. 'बेल ऑफ आफ्रिका' हे पुस्तक त्यांच्या मृत्यूनंतर १९६० मध्ये प्रसिद्ध झाले. त्याचे संपादन अमेरिकन रायफलतज्ज्ञ टाउनसेंड व्हेलन यांनी केले.

मूल्यमापन

बेल यांच्या उदाहरणाचा अर्थ अनेकदा अपुरा लावला जातो. शरीररचनेचे ज्ञान, अचूक नेम आणि न पटणारी संधी सोडून देण्याचा संयम यांच्याविना लहान गोळी वापरल्यास जनावर जखमी होऊन वेदनेने भटकत राहते आणि शिकाऱ्यासह आसपासच्या लोकांनाही धोका निर्माण होतो. म्हणूनच आफ्रिकेतील अनेक देशांत हत्तीसारख्या प्राण्यांसाठी किमान कॅलिबरचे कायदेशीर बंधन आहे. बेल यांची आवडती रायफल त्यांत बसत नाही.

त्यांच्या कारकिर्दीची दुसरी बाजू हस्तिदंताच्या व्यापाराशी निगडित आहे. बेल यांच्या दृष्टीने हत्तीची शिकार हा मुख्यतः व्यवसाय होता व तत्कालीन वसाहती राजवटींत परवाना घेऊन तो करता येत असे. परंतु मोठ्या सुळ्यांचे नर वेचून मारण्याच्या या व्यवसायाने हत्तींच्या कळपांची मोठी हानी केली. केनियाने १९७७ मध्ये शिकारीवर बंदी घातली आणि १९८९ मध्ये साइट्स करारान्वये आफ्रिकन हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी घालण्याचा निर्णय झाला. बेल यांच्या नोंदवह्या त्यामुळे शिकारतंत्राइतक्याच एका मोठ्या ऱ्हासाच्याही साक्षीदार ठरतात.