वडिलांची इच्छा

१९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताचा तिरंगा हाती धरून चालला तो नागा टेकड्यांतील चांगकी गावचा मुलगा, तालिमेरेन आओ. वडील बाप्टिस्ट पंथाचे रेव्हरंड. १९३५ साली टायफॉइडने ते गेले. मुलाने डॉक्टर होऊन आपल्या लोकांची सेवा करावी, एवढीच त्यांची इच्छा होती. मुलगा तेव्हा सतरा वर्षांचा.

गुवाहाटीचे कॉटन कॉलेज, मग कोलकात्याचे कारमायकल मेडिकल कॉलेज. तिथेच मोहन बागानने त्यांना घेतले. पुढे ते भारताचे कर्णधार झाले. लंडनमध्ये आपले बहुतेक खेळाडू अनवाणी खेळले. दोन पेनल्टी हुकल्या आणि फ्रान्सकडून आपण २-१ ने हरलो. आम्हांला मात्र त्यानंतरचे अधिक मोलाचे वाटते. एवढे नाव झाल्यावर पुस्तके मिटून ठेवली असती, तरी कोणी दोष दिला नसता. त्यांनी १९५० साली एम.बी.बी.एस. पूर्ण केले. तेव्हा ते बत्तीस वर्षांचे होते!

१९५३ मध्ये ते कोहिमाच्या सरकारी रुग्णालयात रुजू झाले. पत्नी देकिम, दोन मुलगे, दोन मुली असा संसार तिथेच वाढला. पुढे नागालँडचे आरोग्य संचालक होऊन १९७८ साली ते निवृत्त झाले. १९९८ मध्ये त्यांचे निधन झाले.