गणिताचे प्राध्यापक आणि कोर्टाचा दंड

कॉन्व्हेंटात शिकल्यामुळे र. धों. कर्वे मला उशिरा, सुट्टीत राजोडीला घरी असताना वाचायला मिळाले. जन्म १८८२, महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव, विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. संततिनियमनाचा प्रचार सोडेनात, म्हणून १९२५ मध्ये राजीनामा द्यावा लागला. १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढलं. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ मध्ये त्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर! तरी हरले, २०० रुपये दंड झाला. पण मासिक थांबलं नाही; १९५३ मध्ये ते गेले, तोवर चालूच होतं.

पुढे आंबेडकरांच्याच अध्यक्षतेखाली घटनेचा मसुदा झाला. कलम १९ ने बोलण्याचं स्वातंत्र्य दिलं आणि सभ्यता, नीतीची मर्यादाही घातली. पण १९५१ पासून ही बंधनं वाजवी हवीत, आणि ते कोर्ट तपासतं. कर्व्यांना हा प्रश्न विचारायची सोयच नव्हती. आपल्याला आहे, मित्रांनो!