ब्रोमीनचा शोध लावणारे बालार

माझी ताई बारावीला सायन्सला आहे. तिच्या पुस्तकात पानोपानी ब्रोमो, ब्रोमाइड असे शब्द आहेत. हे ब्रोमो काय असते, असे मी तिला विचारले. तेव्हा तिने मला बालार यांची गोष्ट सांगितली. तीच मी आज तुम्हाला सांगते.

आंत्वान बालार यांचा जन्म १८०२ साली फ्रान्स देशातील माँपेलिए या गावी झाला. घरची परिस्थिती साधारण होती. ते औषधे बनवायला शिकले. त्या भागात आपल्या कोकणासारखी मिठागरे होती. मीठ काढून घेतल्यावर मागे कडू पाणी उरते. बालार यांनी त्या पाण्यात क्लोरीन वायू सोडला. पाणी पिवळे-तांबडे झाले. त्यातून एक तांबडा, पातळ पदार्थ निघाला. त्याचा वास इतका उग्र की नाक धरावे लागे. तो पाण्याच्या तिप्पट जड होता. आधी त्यांना वाटले, दोन जुनेच पदार्थ एकत्र झाले असतील. त्यांनी ते वेगळे करायची लई खटपट केली, पण काही केल्या होईना. मग त्यांना कळले, हे नवेच मूलद्रव्य आहे! १८२६ साली त्यांनी शोध जाहीर केला. तेव्हा ते फक्त २३ वर्षांचे होते. ग्रीक भाषेतील दुर्गंध या अर्थाच्या शब्दावरून ब्रोमीन हे नाव पडले.

जर्मनीतील थोर शास्त्रज्ञ लीबिग यांच्याकडे हाच पदार्थ आधी आला होता. पण त्यांनी घाई केली. आयोडीन क्लोराइड अशी चिठ्ठी लावून बाटली ठेवून दिली. पुढे खरे कळल्यावर त्यांनी ती बाटली चुकांच्या कपाटात ठेवली.

ब्रोमीन, अल्कोहोल आणि फॉस्फरस यांपासून एथिल ब्रोमाइड तयार करतात. ब्रोमीन तांबडे, पण हे बिनरंगी. पाण्यात टाकले तर तळाला जाते. ते ३८ अंशाला उकळते. म्हणजे मे महिन्यात आपल्या माकणीत चुलीशिवायच उकळेल! मिथिल ब्रोमाइड हा वायू आहे. त्याने गोदामातील धान्याचे किडे मरतात. पण तो माणसालाही विषारी आहे आणि आकाशातील ओझोनच्या थराची नासाडी करतो. म्हणून जगभर त्याचा वापर फार कमी केला आहे. मुलांनो, हे प्रयोग घरी करायचे नसतात बरं का!

पुढे बालार पॅरिसला प्राध्यापक झाले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या विषावर लस शोधणारे लुई पाश्चर तरुणपणी त्यांच्याच प्रयोगशाळेत काम करत. १८७६ साली बालार वारले.

आता माझी चूक सांगते. आम्ही वर्गात बियांच्या बाटल्या मांडल्या आहेत. मी कारळ्याच्या बाटलीवर न बघताच काळे तीळ अशी चिठ्ठी लावली होती. बाईंनी विचारले तेव्हा मी गप्प बसले. गोष्ट ऐकल्यावर मी बी हातात घेऊन नीट बघितले आणि चिठ्ठी बदलली. जुनी चिठ्ठी मी फाडली नाही. ती माझ्या कंपासपेटीत आहे. आधी नीट बघावे, मग नाव द्यावे, हे मी बालार यांच्याकडून शिकले.

— इयत्ता ४ थी, माकणी