संत जॉन न्यूमन : धर्मग्रामांच्या शाळांचे आधारस्तंभ

दरवर्षी ५ जानेवारी रोजी अमेरिकेतील ख्रिस्तसभा फिलाडेल्फियाचे चौथे महागुरुस्वामी संत जॉन न्यूमन यांचा सण साजरा करते. इंग्लंडचे कार्डिनल जॉन हेन्री न्यूमन यांच्याशी असलेल्या नामसाधर्म्यामुळे दोघांची गल्लत होण्याचा संभव आहे. कार्डिनल न्यूमन हे थोर विचारवंत. आज आपण ज्यांचे स्मरण करीत आहोत ते न्यूमन म्हणजे स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी शाळा उभ्या करणारे मेंढपाळ. त्या शाळा त्यांनी धर्मगुरू व प्रापंचिक यांना एकत्र बसवून उभ्या केल्या, म्हणूनच त्यांचे चरित्र आपणांसाठी मोलाचे आहे.

जन्म व पाचारण

जॉन न्यूमन यांचा जन्म २८ मार्च १८११ रोजी बोहेमियातील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकातील, प्राखातित्से या गावी झाला. वडील फिलिप मोजे विणण्याचा व्यवसाय करीत. आई आग्नेस अत्यंत भाविक होती. बालपणापासूनच जॉन यांना पुस्तकांचे व वनस्पतिशास्त्राचे वेड होते. १८३१ साली त्यांनी बुडवाइस येथील सेमिनरीत प्रवेश घेतला व पुढील शिक्षण प्राग येथे पूर्ण केले. परंतु त्या काळी बोहेमियात धर्मगुरूंची संख्या पुरेशी असल्याने त्यांची गुरुदीक्षा लांबणीवर पडली. अमेरिकेत मात्र धर्मगुरूंची मोठी वाण होती. १८३६ साली ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि २५ जून १८३६ रोजी महागुरुस्वामी जॉन द्युब्वा यांच्या हस्ते त्यांना गुरुदीक्षा मिळाली.

त्यांची नेमणूक बफेलो शहराच्या परिसरात झाली. जंगल तोडून शेती करणारी जर्मन कुटुंबे तेथे विखुरलेली होती. चर्चेस अर्धवट बांधलेली आणि शाळांना शिक्षक मिळणे कठीण. तेव्हा हे तरुण धर्मगुरू स्वतःच वर्गात उभे राहून मुलांना शिकवू लागले. १८३९ साली त्यांचे बंधू वेन्झेल मदतीस आले व त्यांनीही अध्यापनाचा भार उचलला. एकट्याने वाहिलेले काम किती काळ टिकणार, हा प्रश्न न्यूमन यांना येथेच जाणवला असावा. १८४० साली त्यांनी रिडेम्प्टोरिस्ट संघात प्रवेश केला आणि जानेवारी १८४२ मध्ये बाल्टिमोर येथे व्रते घेतली.

पेटलेले शहर

पुढे ज्या फिलाडेल्फिया शहरात त्यांना जावयाचे होते, तेथे शाळेचा प्रश्न रक्तरंजित झाला होता. सरकारी शाळांत प्रॉटेस्टंट पंथीयांचे बायबल वाचले जाई. १८४२ साली तत्कालीन महागुरुस्वामी फ्रान्सिस केनरिक यांनी शहराच्या शालेय मंडळास पत्र लिहून कॅथलिक मुलांना त्यांचे स्वतःचे बायबल वाचण्याची मुभा मागितली. जानेवारी १८४३ मध्ये मंडळाने काही सवलत दिली. परंतु कॅथलिक लोक शाळांतून बायबलच हद्दपार करू पाहत आहेत, असा अपप्रचार सुरू झाला. आयरिश स्थलांतरितांविषयीचा द्वेष त्यात मिसळला. मे १८४४ मध्ये दंगल उसळली. संत मायकल व संत ऑगस्टीन ही दोन चर्चेस जाळण्यात आली. जुलैमध्ये पुन्हा रक्त सांडले.

मंडळाची स्थापना

२८ मार्च १८५२ रोजी, आपल्या ४१ व्या वाढदिवशी, न्यूमन यांचा महागुरुस्वामी म्हणून अभिषेक झाला. त्यांनी वेळ दवडला नाही. एप्रिल महिन्यातच त्यांनी शिक्षणविषयक बैठक बोलावली आणि त्यातून केंद्रीय शिक्षण मंडळ आकारास आले. महागुरुस्वामी हे अध्यक्ष, तर प्रत्येक धर्मग्रामातून प्रमुख धर्मगुरू व दोन प्रापंचिक प्रतिनिधी, अशी त्याची रचना होती. सर्व शाळांसाठी समान अभ्यासक्रम सुचविणे व शाळांसाठी जमा झालेल्या निधीचे वाटप करणे ही त्याची कामे. प्रत्येक शाळेचा अंतर्गत कारभार मात्र त्या त्या धर्मग्रामाकडेच राहिला.

या निर्णयाचे मर्म आपण ध्यानात घेतले पाहिजे. तोवर सधन धर्मग्रामाची शाळा चाले व गरीब धर्मग्रामाची बंद पडे. आता गरीब वस्तीतील मूल ही साऱ्या धर्मप्रांताची जबाबदारी ठरली. अमेरिकेतील पहिली धर्मप्रांतीय शालेय व्यवस्था उभारल्याचे श्रेय न्यूमन यांना दिले जाते, ते याचमुळे.

इमारत उभी राहिली तरी शिक्षकांवाचून शाळा होत नाही, हे ते जाणून होते. बाल्टिमोर येथे असताना त्यांनी बव्हेरियाहून १८४७ साली आलेल्या नोत्र दाम शालेय भगिनींना आधार दिला होता. कृष्णवर्णीय मुलींना शिकविणारा ऑब्लेट सिस्टर्स ऑफ प्रॉव्हिडन्स हा कृष्णवर्णीय धर्मभगिनींचा संघ मोडकळीस आला असता, त्याच्या साहाय्यास त्यांनी फादर आनवांडर यांना जाऊ दिले. १८५५ साली फिलाडेल्फियात त्यांनी फ्रान्सिस्कन धर्मभगिनींचा संघ स्थापन केला. त्याच्या पहिल्या मदर फ्रान्सिस बाखमन या मुलेबाळे असलेल्या विधवा होत्या. स्वतः न्यूमन यांनी जर्मन भाषेत धर्मशिक्षणाची पुस्तके लिहिली. शाळांना भेट देऊन मुलांना प्रश्न विचारणे हा त्यांचा आवडता परिपाठ होता.

टीका, नम्रता व अंत

या कार्याचे सर्वांनी कौतुक केले असे मात्र नाही. ठेंगणी मूर्ती, साधा वेश आणि परकीय उच्चार यांमुळे शहरातील प्रतिष्ठितांना ते महागुरुपदास शोभत नाहीत असे वाटे. शाळा व चर्चेस यांच्या बांधकामामुळे पैशाची ओढाताण होतीच. एखाद्या लहान धर्मप्रांतात आपली बदली व्हावी, अशी तयारी त्यांनी रोमला कळविली. १८५७ साली महागुरुस्वामी जेम्स वुड साहाय्यास आले व आर्थिक कारभार त्यांच्याकडे गेला. न्यूमन खेड्यापाड्यांतील धर्मग्रामांना भेटी देत राहिले. ५ जानेवारी १८६० रोजी रस्त्याने जात असताना ते कोसळले व देवाघरी गेले. त्यांचे वय अवघे ४८ वर्षांचे होते.

त्यांनी लावलेले रोपटे मात्र वाढत राहिले. १८८४ साली बाल्टिमोरच्या तिसऱ्या धर्मपरिषदेने प्रत्येक चर्चजवळ धर्मग्रामाची शाळा असावी, असा आदेश दिला. १९ जून १९७७ रोजी पोप सहावे पॉल यांनी न्यूमन यांना संतपद बहाल केले.

आपल्या धर्मग्रामांतील शाळांविषयी आपण निकालाच्या दिवशी बोलतो, गुणवंतांचा सत्कार करतो, आणि ते योग्यच आहे. परंतु शाळेच्या सभेला आपण किती जण उपस्थित राहतो? शेजारच्या दुर्बल धर्मग्रामाच्या शाळेस शिक्षक आहेत की नाहीत, याची विचारपूस कोण करतो? सत्कारापर्यंत कधीच न पोहोचणाऱ्या मुलाचे नाव आपणांस ठाऊक आहे काय? न्यूमन यांनी प्रत्येक धर्मग्रामातून दोन प्रापंचिकांना बोलावले होते. ती दोन आसने आपल्या गावी रिकामी राहू नयेत.

संत जॉन न्यूमन, आम्हांसाठी विनंती करा.