गोठ्यातल्या मातीचं मोल सांगणारे सर अल्बर्ट हॉवर्ड

हुमनाबाद : तुरीची रास झाली की तुराट्या चुलीत जातात, गोठ्यातलं गोमूत्र जमिनीत मुरून वाया जातं. याच दोन गोष्टींतून कसदार खत करण्याची रीत सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी घालून दिली.

इंग्लंडमधील श्रॉपशायरच्या शेतकरी घरात १८७३ साली जन्मलेले हॉवर्ड १९०५ मध्ये बिहारमधील पुसा इथं सरकारी वनस्पतीशास्त्रज्ञ म्हणून आले. शिकवायला आलेले साहेब इथल्या शेतकऱ्यांकडूनच शिकत गेले. पत्नी गॅब्रिएल याही शास्त्रज्ञ. संशोधनात त्यांची बरोबरीची साथ होती.

१९२४ मध्ये होळकरांच्या इंदुरात संस्था उभी राहिली. तिथं यशवंत वाड यांच्यासोबत प्रयोग झाले. तुराट्या-पऱ्हाट्या गाडीवाटेवर टाकून चाकांखाली चेचायच्या, काडीकचरा गुरांखाली अंथरायचा. मग तो शेणकाला, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांच्यासह दोन फूट खोल खड्ड्यात थरांनी भरायचा. पाणी मारत तीनदा खालीवर केला की तीन महिन्यांत खत तयार. हवा लागली नाही, तर मात्र ते नुसतं सडतं.

१९३० मध्ये गॅब्रिएल वारल्या. पुढच्याच वर्षी वाड यांच्यासह लिहिलेलं पुस्तक निघालं, आणि हॉवर्ड मायदेशी परतले. तिथं ते रासायनिक खतांवरच्या भिस्तीविरुद्ध १९४७ मध्ये मरेपर्यंत भांडत राहिले. जगानं त्यांना सेंद्रिय शेतीचा जनक म्हटलं. यशवंत वाड यांचं नाव मात्र आपल्या मराठी मुलखातही फारसं कुणी घेत नाही.